परसातली कोंबडी अंडी देत नाही, की देऊ शकत नाही?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे गेली १४ वर्षे २५-३० कोंबड्या कायम असतात. त्यांत निम्म्या गावठी आहेत आणि उरलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या. या काळात स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या कोंबड्यांची एकच तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की कोणी दारात येऊन "कोंबडी अंडी देईनाशी झाली, औषध सांगा" म्हणाले की औषधाचे नाव घेण्याआधी मी सात-आठ प्रश्न विचारते. बहुतेक वेळा कोंबडी आजारी नसतेच. मात्र जेव्हा असते, तेव्हा घरगुती उपायांत गेलेला एकेक दिवस तिच्या जिवावर बेततो. म्हणून पुढची तपासणी सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे अशा क्रमाने लिहिली आहे.

लक्षणे

पहिल्या गटातल्या कोंबड्या हिंडत-फिरत, खात-पीत असतात, पण अंडी कमी किंवा बंद झालेली असतात. अंड्याचे कवच पातळ, खरखरीत, सुरकुतलेले असते किंवा कवच नसलेले, नुसत्या पातळ पडद्यातले अंडे सकाळी बसण्याच्या काठीखाली सापडते. कधी बोराएवढे, बलक नसलेले अंडे मिळते, तर कधी कवचावर रक्ताची रेघ दिसते.

दुसऱ्या गटात कोंबडीच मलूल असते. ती शेपटी खाली पाडून, छाती वर करून ताठ उभी राहते, पाय फाकून चालते, खोप्यात बसून वारंवार जोर करते आणि अंडे मात्र येत नाही. शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलते, तुरा फिका किंवा जांभळट पडतो, मागची पिसे विष्ठेने चिकटलेली असतात, पोट फुगून लोंबते किंवा मागून लालसर मांसल गोळा बाहेर दिसतो. यांपैकी काहीही दिसल्यास मधली तपासणी सोडून थेट "अडकलेले अंडे" आणि "फुगलेले पोट" या भागांपाशी जावे. खाद्य आणि उजेड यांचा विचार नंतर करता येतो.

अंडी खरोखर बंद आहेत का?

हे विचारले की माणसे थोडी रागावतात, पण मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांच्या बाबतीत ही पहिली आणि फुकटची तपासणी आहे. आमची एक ग्रामप्रिया तीन आठवडे "बंद" होती. पावसाळ्याआधी लाकडे हलवली तेव्हा सरपणामागे तिची १७ अंडी निघाली. कोंबड्या साधारणतः सकाळी ते दुपारच्या आत अंडे घालतात, त्यामुळे सलग तीन दिवस त्यांना दुपारी बारापर्यंत खुराड्यातच ठेवावे आणि आत कोरडे गवत घातलेला, थोडा अंधारा खोपा करून द्यावा. एवढ्याने चोरून घातलेल्या अंड्यांचा प्रश्न उलगडतो.

अंडे घातले जाते पण तुमच्या हाती लागत नाही, असेही घडते. धामण किंवा नाग अंडे अख्खे गिळतो आणि मागे काहीच ठेवत नाही, कावळा व मुंगूस फुटके कवच सोडून जातात, आणि कोंबड्याच अंडी खाऊ लागल्या असतील तर खोप्यातले गवत ओले, चिकट असते आणि एखादीच्या चोचीला बलक वाळलेला दिसतो. ही सवय बहुधा पातळ कवचाच्या अंड्यापासून लागते, म्हणजे तिचे मूळ पुन्हा खाद्यात असते.

कोंबडी हातात घेऊन पाहणे

रात्री कोंबड्या काठीवर बसल्या की त्यांना पकडणे सोपे जाते आणि त्या घाबरतही नाहीत. एकेक कोंबडी काखेत धरून बॅटरीच्या उजेडात पाहावी. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल व भरलेला असतो आणि गुदद्वार ओलसर, मोठे व आडवे पसरलेले असते. त्याच्या दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडे बोटाला लागतात, त्यांच्यामध्ये किमान दोन बोटे मावतात. अंडी न देणाऱ्या कोंबडीत ती हाडे जवळजवळ चिकटलेली आणि गुदद्वार लहान, गोल व कोरडे असते. ही तपासणी मी सर्वांत मोलाची मानते, कारण दहा कोंबड्यांतली नेमकी कोणती थांबली आहे आणि कोणती देत असूनही अंडे हरवते आहे, हे तिच्यामुळे पाच मिनिटांत कळते. कडकनाथाचा तुराच काळपट असतो, तेव्हा त्याच्या रंगावर न जाता हाडांवरच भिस्त ठेवावी.

त्याच वेळी छातीचे हाड चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे टोचत असेल तर कोंबडी खंगली आहे. अशा वेळी जंत, उवा किंवा पोटातला आजार यांचा संशय घ्यावा. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवतीच्या पिसांच्या मुळाशी उवा व त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ दिसतात. लाल माइट हे पिसवांहूनही लहान जीव मात्र दिवसा काठीच्या फटीत दडून रात्री रक्त पितात, म्हणून काठीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद ओढून त्यावर लाल ठिपके उमटतात का ते पाहावे. खुराडे रिकामे करून काठ्या उन्हात टाकणे, फटी बुजवणे आणि कोंबड्यांना लोळायला कोरडी राख व माती देणे एवढे आधी करावे. जंताचे औषध वजनानुसार द्यायचे असते, त्यामुळे ते दवाखान्यातूनच विचारून आणावे.

खुडूक, पिसे आणि वय

पिसे फुलवून, गुरगुरत, खोपा न सोडणारी कोंबडी खुडूक असते. पिल्ले हवी असतील तर तिला अंड्यांवर बसवावे, ती २१ दिवसांनी आपले काम पूर्ण करते. नको असतील तर तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह उजेडात ठेवावी. नाकपुडीत पीस खुपसणे किंवा तिला गार पाण्यात बुचकळणे हे जुने प्रकार निव्वळ छळ आहेत आणि पिंजऱ्यापेक्षा त्यांचा गुण जास्त येतो असे मला कधी दिसले नाही. वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात, तेव्हा दोन-अडीच महिने अंडी थांबणे स्वाभाविक आहे, कारण पीस हे प्रथिनांचेच बनलेले असते आणि त्या काळात प्रथिने तिकडे जातात. दोन वर्षांपुढच्या कोंबडीकडून तलंगीसारखी, म्हणजे तरुण कोंबडीसारखी, अपेक्षा ठेवू नये.

पाणी आणि ऊन

कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि वैशाखात त्याच्या जवळपास दुप्पट. एक दिवस भांडे कोरडे राहिले तरी अंडी काही दिवस घटतात. तिला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग निववते; सतत धापा टाकल्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि कवच बनण्यासाठी लागणारे कार्बोनेट पुरत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत खाद्य चांगले असूनही कवच पातळ येऊ शकते. मातीचे भांडे सावलीत ठेवावे, पाणी दिवसातून तीनदा बदलावे आणि खाद्य पहाटे व दिवस मावळताना द्यावे.

खाद्य आणि शिंपल्या

माझ्याकडे आलेल्या तक्रारींतला सर्वांत मोठा वाटा इथला आहे. परसात हिंडणारी गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते आणि कोंडा, उष्टा भात, गवतातले किडे यांवर तिचे भागते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा परसात १००-११०, तर ग्रामप्रिया १६०-१८० अंडी देऊ शकते, आणि माणसे तिला आणतात ती त्या आकड्यांसाठीच; मात्र ताटात तिला तोच कोंडा आणि तोच भात मिळतो. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. अंडे तयार व्हायला लागणाऱ्या २४ ते २६ तासांपैकी सुमारे २० तास फक्त कवच चढण्यात जातात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा असतो. भातात कॅल्शियम जवळजवळ नसतेच, त्यामुळे कोंबडी आपल्या हाडांतले काढून देते. काही आठवडे हे चालते, नंतर पातळ कवच, मग बिनकवचाचे अंडे आणि शेवटी अडकलेले अंडे, कारण अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. औषध मागायला येणारा माणूस बहुधा या साखळीच्या शेवटच्या कडीपाशी उभा असतो.

उपाय महाग नाही. अंडी देणाऱ्या सुधारित कोंबडीला मोकळे सोडूनही दिवसाला ५०-६० ग्रॅम लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) द्यावा. बांधून ठेवलेल्या कोंबडीला ११०-१२० ग्रॅम लागतो. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. पिशवीवर "ग्रोअर" लिहिलेले, वाढत्या कोंबड्यांचे खाद्य चालणार नाही, त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपासच असते. याखेरीज एका वेगळ्या करवंटीत शिंपल्यांचा चुरा कायम ठेवावा आणि ज्या कोंबडीला हवा तिला तो खाऊ द्यावा. तो खाद्यात मिसळू नये, कारण तलंगी आणि कोंबडे यांना जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधते. आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्यांतले खाण्याचे जीव) खाल्ल्यावर शिंपल्या फेकायच्या नाहीत, असा नियम आहे: त्या धुऊन वाळवायच्या आणि ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होतील इतक्या कुटायच्या. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात, बारीक भुकटी तशी पुरत नाही. कुटायला सोपे जावे म्हणून त्या किंचित शेकल्या तरी चालतात, पण पांढऱ्याफटक होऊन ठिसूळ होईपर्यंत जाळू नयेत. कोकणात चुन्याच्या भट्ट्यांत शिंपल्यांपासून कळीचा चुना असाच करत, आणि तो कोंबडीचे तोंड व अन्ननळी भाजतो. पानाचा चुना पाण्यात कालवून पाजण्याचा सल्लाही मी त्याच कारणाने देत नाही.

प्रथिनांसाठी सुका जवळा चांगला, पण खारवलेली मासळी नको, कारण मीठ कोंबडीला लवकर विषारी ठरते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कोंबड्या बंद राहतात, तेव्हा ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते आणि खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. त्या काळात लेअर मॅशचे प्रमाण वाढवावे आणि उघाड पडताच त्यांना बाहेर काढावे. खाद्य सुधारल्यावर कवच पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे द्यावेत.

उजेडाविषयी थोडक्यात

थंड देशांतल्या सल्ल्यांत हिवाळ्यात दिवा लावण्यावर फार भर असतो, कारण तिथला दिवस आठ तासांवर येतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवसही ११ तासांचा आणि जूनचा १३ तासांहून थोडा मोठा असतो. भरपूर अंडी देणाऱ्या जातींना १४ ते १६ तास उजेड मानवतो, तेव्हा हवे तर पहाटे दोन-तीन तास लहान दिवा लावावा, पण खाद्य न सुधारता दिवा लावणे म्हणजे रिकाम्या कोठारातून धान्य उपसणे होय. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगीला तर अजिबात लावू नये. शरीर पुरते वाढण्याआधी अंडे आले की अडकते किंवा अंडनलिका बाहेर येते.

सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम बिघडली तर

एका कोंबडीचे अंडे बिघडणे आणि आठ-दहा दिवसांत साऱ्या खुराड्याची अंडी निम्म्यावर येणे, या निराळ्या गोष्टी आहेत. खाद्य, पाणी बदललेले नसेल तर संसर्गाचा विचार करावा. सुरकुतलेले कवच, अंड्यातला पांढरा भाग पाण्यासारखा पातळ आणि शिंका असे एकत्र दिसल्यास इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिसची शंका येते. कोंबड्या ठणठणीत असूनही अचानक बिनकवचाची आणि रंग उडालेली अंडी येऊ लागली तर एग ड्रॉप सिंड्रोम असू शकतो. हिरवट हगवण, धाप, वाकडी मान आणि मरतूक असेल तर तो राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी. यांतल्या कशावरही घरी उपाय नाही; हे तिन्ही आजार विषाणूंचे आहेत, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. मानमोडीची लस मात्र स्वस्त आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी, असा क्रम दवाखान्यात सांगितला जातो, तो पाळावा.

अडकलेले अंडे

कोंबडी सकाळपासून जोर करते आहे, शेपटी वरखाली होते आहे आणि गुदद्वाराच्या आत किंवा पोटाच्या मागच्या भागात कडक, गोल वस्तू हाताला लागते, म्हणजे अंडे अडकले आहे. तिला लगेच इतरांपासून वेगळे करावे. पसरट टोपात मनगटाला सुखावेल इतके कोमट पाणी घेऊन तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटे त्यात बुडवून ठेवावा; पाणी निवू लागले की बदलावे. यामुळे स्नायू सैल पडतात. मग तिला पुसून कोरडे करावे, हात धुऊन करंगळीला खोबरेल तेल लावून गुदद्वाराच्या कडेने आत हलकेच फिरवावे आणि ऊबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटे सोडावे. घरात द्रवरूप कॅल्शियम असेल तर चोचीच्या कडेवर थेंब थेंब सोडावे, घशात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. दोन-तीन तासांनी हेच पुन्हा एकदा करता येते. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक कोंबड्यांनी पहिल्या किंवा दुसऱ्या शेकानंतर अंडे घातले आहे.

पोट दाबून अंडे पुढे ढकलण्याचा मोह टाळावा, आणि सुईने अंडे फोडून काढण्याचा तर विचारही करू नये. सुरुवातीच्या वर्षांत मी तो प्रयोग केला होता. बलक बाहेर आला, कवचाचे तुकडे आत राहिले आणि ती कोंबडी तिसऱ्या दिवशी गेली. दोन वेळा शेकूनही अंडे आले नाही, कोंबडी मान टाकू लागली किंवा लक्षणे दिसल्यापासून २४ तास होत आले, की थांबून पशुवैद्याकडे न्यावे. कॅल्शियमचे इंजेक्शन आणि अंडे सुरक्षितपणे काढणे हे त्यांचे काम आहे.

मागून लाल मांसल भाग बाहेर आला असेल तर पहिली गोष्ट म्हणजे तिला त्याच क्षणी वेगळे करणे, कारण लाल रंग दिसताच इतर कोंबड्या चोची मारतात आणि आतडी बाहेर येईपर्यंत थांबत नाहीत. कोमट मिठाच्या पाण्याने तो भाग धुवावा; सुजला असेल तर त्यावर साखर किंवा मध लावून थोडा वेळ ठेवल्यास सूज उतरते. मग तेल लावलेल्या बोटाने हळूच आत सरकवावा. तो पुन्हा बाहेर आला, काळा पडला किंवा फाटला असेल तर घरचे उपाय संपले.

फुगलेले पोट

पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे लोंबते आहे आणि कोंबडी छाती वर करून चालते आहे, तर बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडून तिथे जंतुसंसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी असते. कधी अंड्याऐवजी पिवळट, रबरासारखा, कापल्यावर थर दिसणारा गोळा पडतो. तो अंडे नसून अंडनलिकेच्या दाहातला साकळलेला पू असतो. कोंबडीत बहुधा डाव्या बाजूचेच अंडाशय आणि अंडनलिका काम करतात, त्यामुळे ती बाजू बिघडली की दुसरी तिची जागा घेत नाही. वयस्क कोंबड्यांत अंडाशयाचा कर्करोगही याच लक्षणांनी समोर येतो आणि बाहेरून चाचपून फरक कळत नाही.

इथे मी काहीही करत नाही आणि कोणाला करू देत नाही. शेजाऱ्याकडच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पुडीचा त्या साकळलेल्या पुवावर परिणाम होत नाही, आणि तिचा अंश अंड्यांत उतरून घरातल्या मुलांच्या पोटात जातो. पशुवैद्य योग्य औषध देतात, अंडी किती दिवस खायची नाहीत हे सांगतात, पोटातले पाणी काढून तात्पुरता आराम देतात किंवा तिची सुटका करावी असे स्पष्ट सांगतात. अशा बऱ्याच कोंबड्या वाचत नाहीत, हे आधीच ठाऊक असलेले बरे. त्या कोंबडीचे मटण करू नये.

कोणाला बोलवावे

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी नेता येते. नेणे शक्य नसेल तर १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. जाताना शेवटचे अंडे कधी घातले, खाद्य कोणते, लस केव्हा दिली हे कागदावर लिहून न्यावे आणि शेवटचे बिघडलेले अंडे सोबत घ्यावे.

एखादी कोंबडी अशा आजाराने मेली तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा, कारण उरलेल्या कोंबड्यांचे निदान त्यातूनच होते. मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत बांधून बर्फासोबत त्याच दिवशी न्यावी, फ्रीझरमध्ये गोठवू नये. गोठल्याने अवयव ओळखण्याजोगे राहत नाहीत. मात्र एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे आणि चोचीखालचे लोंबते गलोल निळे पडले, डोकी सुजली, तर हे सारे विसरावे. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता, आणि अशा मरतुकीत मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करणे किंवा ते दवाखान्यात घेऊन जाणे धोक्याचे असते. खुराड्याचे दार बंद करावे, मुलांना लांब ठेवावे आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करून त्यांनाच तिथे बोलवावे.